जळगावात प्रॉडक्ट मॅनेजर हवा आहे, पण कशासाठी?

पत्र थोडक्यात असं : जळगाव शहरातले एक उद्योजक लिहितात. केळीच्या व्यापाऱ्यांसाठी त्यांची कंपनी सॉफ्टवेअर बनवते. काटा पावतीपासून शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीपर्यंत सगळं मोबाइलवर, त्यात उचल, गाडीभाडं, कटाईची मजुरी हेही आलं. रावेर, सावदा, यावल, चोपडा या पट्ट्यात तीनेकशे व्यापारी ते वापरतात, थोडे बऱ्हाणपूरकडेही. कंपनीत बावीस माणसं. काय बनवायचं हे आजवर मालक स्वतःच ठरवत आले. आता झेपत नाही म्हणून प्रॉडक्ट मॅनेजर घ्यायचा आहे. बारा जणांच्या मुलाखती झाल्या, दोन नावं उरली. एक पुण्याचा, घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या एका मोठ्या ॲप कंपनीत सहा वर्षं काढलेला. ‘त्याची उत्तरं ऐकून आम्ही गारच झालो,’ पण पगार मागतो आमच्या सगळ्यात जुन्या डेव्हलपरच्या दुप्पट. दुसरी त्यांच्याच सपोर्ट टीममधली, फैजपूरकडची, बी.एस्सी. ॲग्री झालेली, चार वर्षं व्यापाऱ्यांचे फोन घेणारी. इंग्रजीतून प्रेझेंटेशन देताना ती अडखळली. पुण्यात बसणारा भागीदार म्हणतो, ‘हिच्यात पीएम (प्रॉडक्ट मॅनेजर) मटेरियल नाही.’ दोन वर्षांपूर्वी असाच एक जण बाहेरून घेतला होता, तो पाच महिन्यांत गेला. ‘त्याला इथलं काही कळलंच नाही, शेवटी सगळे निर्णय मलाच घ्यावे लागले.’ आता प्रश्न असा, की या दोघांपैकी कोणाला घेऊ, आणि मुलाखत नेमकी घ्यायची कशी?

नमस्कार भाऊ,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही सगळ्यात घाईत लिहून टाकलं आहे, ते म्हणजे ‘शेवटी सगळे निर्णय मलाच घ्यावे लागले’. मला विचारायचं आहे की घ्यावे लागले, की हातातून सोडवले नाहीत? सावद्याच्या एखाद्या जुन्या ग्राहकाकडे, समजा एखाद्या अण्णांकडे, तुमचा खासगी नंबर असणारच. अण्णा रात्री नऊला फोन करतात, ‘काय भो, पट्टीवर गाडीनंबर मोठा दिसाले पाहिजे,’ आणि तुम्ही म्हणता, ‘करून देतो अण्णा.’ सकाळी डेव्हलपर हातातलं काम टाकून त्या पट्टीच्या मागे लागतो. मग मधल्या माणसाने ठरवायचं काय? पाच महिने तो टिकला हेच मला जास्त वाटतं.

हा माझा अंदाज आहे, चुकीचा असला तर सोडून द्या. बरोबर असेल तर मात्र पुढची मुलाखत घेण्याआधी एक काम करा. मागच्या सहा महिन्यांत सॉफ्टवेअरमध्ये जे जे बदललं त्याची यादी काढा आणि प्रत्येकापुढे लिहा की हे कोणी ठरवलं आणि का. मग पेन्सिल घेऊन त्यातले कोणते निर्णय तुम्ही नव्या माणसावर खरोखर सोपवणार आहात त्यांवर खूण करा. तुमच्या मनाविरुद्ध गेले तरी सोपवणार आहात का, हे स्वतःला विचारून मगच खूण करा. पेन्सिल एकाही ओळीवर टेकली नाही, तर तुम्हाला प्रॉडक्ट मॅनेजर नको आहे. कामं वेळेत करून घेणारा, टेस्टिंग बघणारा, ग्राहकाला परत फोन करणारा एक खमका समन्वयक हवा आहे. तो कमी पगारात मिळतो आणि सुखाने राहतो. यात कमीपणा काही नाही. बावीस जणांच्या बऱ्याच कंपन्यांना प्रत्यक्षात तोच हवा असतो, जाहिरात मात्र प्रॉडक्ट मॅनेजरची दिली जाते.

या पेशाचं मूळ जिथे सांगतात ती गोष्ट इथे कामाची आहे. १९३१ साली अमेरिकेतल्या प्रॉक्टर ॲण्ड गॅम्बल कंपनीत नील मॅकएलरॉय नावाचा तरुण कॅमे साबणाच्या जाहिरातीचं काम बघायचा. त्याला हाताखाली माणसं वाढवून हवी होती, म्हणून त्याने वरिष्ठांना एक टिपण लिहिलं. प्रत्येक ब्रॅण्डसाठी स्वतंत्र माणूस असावा, माल कुठे किती खपतो हे त्याने बारकाईने पाहावं, जिथे कमी खपतो तिथे स्वतः जावं, दुकानदाराशी आणि गिऱ्हाइकाशी बोलून कारण शोधावं, उपाय ठरवावा आणि त्याची जबाबदारीही घ्यावी, असं त्याचं म्हणणं. (हाच गृहस्थ पुढे अमेरिकेचा संरक्षणमंत्री झाला.) म्हणजे ज्याला प्रॉडक्ट मॅनेजरचा पूर्वज मानतात तो कागद मुळात नोकरभरतीचा अर्ज होता, आणि त्यात काम आधी लिहिलं होतं, माणूस नंतर आला. तुमच्याकडे माणसं दोन उभी आहेत आणि काम अजून कागदावर नाही.

आता मुलाखतीकडे येऊ. मी मुलाखती दिल्याही भरपूर आणि घेतल्याही भरपूर, त्यामुळे पुण्याच्या उमेदवाराची उत्तरं ऐकून तुम्ही गार का झालात ते मला कळतं. या पदाच्या मुलाखतीची तयारी करून घेणारा एक मोठा बाजार आहे. कोर्स आहेत, सराव-मुलाखती आहेत, पाठ करायच्या चौकटी आहेत. ‘वृद्धांसाठी लिफ्ट कशी बनवाल’ म्हटलं की आधी वापरणाऱ्यांचे गट पाडायचे, मग त्यांच्या अडचणी, मग तीन उपाय, मग त्यांना गुण द्यायचे. वाईट काही नाही त्यात, विचाराला शिस्त लागते. पण ती शिस्त दोन महिन्यांच्या तयारीनेही येते, आणि उमेदवार तुमच्या कंपनीत काय करील हे तिच्यातून कळत नाही.

आणि तुम्ही काय विचारलंत? ‘जळगावात रोज किती कप चहा विकला जातो?’ असा प्रश्न टाकल्याचं तुम्हीच लिहिलं आहे. भाऊ, गूगलमध्ये असल्या कोड्यांचा बराच बोलबाला होता. तिथल्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ सालीच जाहीर सांगून टाकलं की यात निव्वळ वेळ जातो, पुढचं काही कळत नाही, फार तर विचारणाऱ्याला आपण हुशार असल्यासारखं वाटतं. चहाचे कप तिथेच सोडा.

मुलाखतीच्या पद्धतींवर गंभीर अभ्यास झालेले आहेत. पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अशा जुन्या अभ्यासांची आकडेवारी नव्याने तपासली. भरतीच्या वेळी जे मोजलं आणि माणसाने नंतर जे काम केलं, यांचा मेळ किती? शून्य म्हणजे काहीच मेळ नाही, एक म्हणजे तंतोतंत. सगळ्यांना तेच, आधी ठरवलेले प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देण्याच्या मुलाखतीला ०.४२ मिळाले. गप्पांच्या ओघात जाणाऱ्या मुलाखतीला ०.१९. आणि रिझ्युमेवरच्या अनुभवाच्या वर्षांना ०.०७. तुमच्या भागीदाराला हा शेवटचा आकडा जरूर दाखवा. पहिला आकडाही काही फार मोठा नाही, त्यामुळे पद्धत कितीही चांगली असली तरी माणूस चुकू शकतो हे धरून चाला.

म्हणजे करायचं असं. पाच-सहा प्रश्न आधी लिहून काढा. चांगलं उत्तर कसं असेल, साधारण कसं, कच्चं कसं, हेही लिहा. मुलाखत घेणाऱ्या प्रत्येकाने स्वतःचे गुण आधी कागदावर टाकायचे, चर्चा नंतर. आपल्याकडे उमेदवार दाराबाहेर पडतो न पडतो तोच मालक ‘पोरगा बरा वाटला’ म्हणतो आणि बाकीच्यांच्या माना डोलतात. तुमच्याकडे तसं होत नाही असं तुम्ही म्हणाल, पण मालकाच्या तोंडावर कोण वेगळं बोलेल?

प्रश्न घडून गेलेल्या गोष्टींवर विचारा. ‘तुम्ही कोणाला तरी नाही म्हणालात असा एक प्रसंग सांगा. तो कोण होता, तुमच्याकडे कारण काय होतं, तो चिडला का, सहा महिन्यांनी काय निघालं?’ आणि मग खोदत राहा. पहिलं उत्तर सगळ्यांचं छान असतं, तिसऱ्या-चौथ्या ‘का’ला खरा माणूस दिसायला लागतो. ‘आम्ही केलं’ म्हणाला की त्यातलं तुम्ही स्वतः काय केलं ते विचारा. एखादं फीचर काढून टाकलं का, तेही विचारा. वाढवायला कोणीही वाढवतं, वापरात असलेली गोष्ट काढायला छाती लागते आणि पुरावाही लागतो.

पुण्याच्या गड्याला एक खास प्रश्न हवाच. मोठ्या ॲप कंपनीत रोज लाखो ऑर्डर येतात. बटण हिरवं बरं की नारंगी, हे निम्म्या लोकांना एक आणि निम्म्यांना दुसरं दाखवून दोन दिवसांत कळतं. तुमच्याकडे तीनशे व्यापारी आहेत. त्यांचे दोन गट पाडून आकड्यांतून काही सिद्ध व्हायची आशा धरू नका, आणि दोन व्यापारी एकाच दिवशी बऱ्हाणपूरला लग्नाला गेले तरी आलेख खाली येईल. तेव्हा त्याला सरळ विचारा, ‘तीनशेच ग्राहक असतील तर तुम्ही ठरवाल कसं?’ चांगला माणूस या प्रश्नाने खुलतो. मुनीमजींच्या शेजारी जाऊन बसेन, सोडून गेलेल्यांना फोन करेन, एका व्यापाऱ्याकडे आधी वापरून बघेन, असं काही बोलू लागतो. तो पुन्हा आकड्यांच्या डॅशबोर्डवरच आला तर समजून घ्या की त्याचं कौशल्य त्या कंपनीच्या यंत्रणेवर उभं होतं, आणि ती यंत्रणा तुम्ही त्याला देऊ शकणार नाही.

यापुढे मात्र बोलण्यावर फार विसंबू नका, प्रत्यक्ष काम देऊन बघा. काम तुमच्याच पत्रात आहे. तुम्ही लिहिता, ‘व्यापारी दिवसाचा भाव रात्री भरतात, त्यामुळे ॲपमध्ये दिवसभर कालचाच भाव दिसतो. डेव्हलपर म्हणतात रिमाइंडर टाकू.’ हाच प्रश्न दोघांना द्या. दोघांनाही एकेक दिवस सावद्याला किंवा रावेरला एखाद्या व्यापाऱ्याच्या गादीवर बसू द्या, गाडी भरताना उभं राहू द्या. त्या दिवसाचं मानधन द्या, पुण्याच्या माणसाला येण्या-जाण्याचं भाडंही द्या. परत आल्यावर एकच पान मागा, भाषा त्यांची त्यांनी निवडावी.

त्या पानात बघायचं काय, तर आधी प्रश्न. भाव कटाईच्या आधी पक्का होतो की गाडी भरल्यावर? नवती, पिलबाग, कांदेबाग आणि वापसी या केळीच्या प्रकारांचे भाव वेगवेगळे, मग ॲपमध्ये भरायची एकच चौकट का? फोन मालकाच्या हातात असतो की मुनीमाच्या? आणि भाव ॲपवर दुपारीच दिसावा असं व्यापाऱ्याला खरंच वाटतं का, की पलीकडच्या गादीवरच्याला तो कळू नये म्हणूनच रात्रीचा मुहूर्त? जाहीर भाव एक आणि शेतकऱ्याच्या हातात पडणारा दुसरा, ही केळीपट्ट्यातली जुनी तक्रार आहे. अशा ठिकाणी उशिरा भाव भरण्यामागे आळसच असेल असं धरून चालणारा माणूस तुमच्या कामाचा नाही. जो थेट रिमाइंडरवर किंवा ‘वेळेत भाव भरणाऱ्याला पॉइंट देऊ’वर उडी मारतो त्याला गुण कमी. ‘हा प्रश्न सोडवायची आत्ता गरज आहे का?’ असं विचारण्याची हिंमत जो करतो त्याला जास्त, त्याचं उत्तर तुम्हाला पटलं नाही तरी.

एक पथ्य पाळा. त्या पानातली कल्पना उमेदवाराला न घेता वापरायची नाही. असं वागणाऱ्या कंपन्यांची नावं तरुणांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फार लवकर फिरतात.

आता तुमच्या सपोर्टच्या मुलीविषयी. इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटलं असेल की मी तिच्याच बाजूने चालले आहे. थांबा. तिला केळी कळते, व्यापारी कळतात, ही मोठी पुंजी आहे खरी, पण तेवढ्याने प्रॉडक्ट मॅनेजर होत नाही. सपोर्टमध्ये माणसाला एक सवय लागते. समोरच्याचं समाधान करून फोन ठेवायचा. प्रत्येक फोन वेगळा आणि प्रत्येकाचं उत्तर वेगळं. नव्या कामात तिला तीस फोनांत एकच दुखणं शोधावं लागेल, आणि ज्यांचं समाधान चार वर्षं केलं त्यांनाच ‘हे आपण करणार नाही’ म्हणावं लागेल. शिवाय ती ओळखते फोन करणाऱ्यांना. जे गुपचूप ॲप बंद करून पुन्हा वहीवर गेले ते कधी फोन करत नाहीत. म्हणून तिला विचारा, मागच्या वर्षी कोण सोडून गेलं आणि का? नेहमी येणाऱ्या तक्रारींपैकी कोणत्या तीन तू मुद्दाम सोडवणार नाहीस? हे मराठीत विचारा.

कारण इंग्रजी प्रेझेंटेशन नेमकं कोणासाठी होतं, ते मला समजलं नाही. तुमचे डेव्हलपर तुम्हीच लिहिल्याप्रमाणे जळगाव-भुसावळच्या कॉलेजांतले, ग्राहक लेवा बोलीत बोलणारे, बऱ्हाणपूरचे हिंदीत. रोजच्या कामात इंग्रजी लागेल ती तांत्रिक कागद वाचण्यापुरती, आणि बी.एस्सी. झालेली मुलगी ते वाचते. तुम्ही तिची जी परीक्षा घेतली ती भागीदाराला बरं वाटण्याची होती. ‘पीएम मटेरियल’ म्हणजे काय ते भागीदाराला तीन वाक्यांत लिहून द्यायला सांगा. लिहिता आलं तर ते निकषांच्या कागदावर घाला आणि दोघांनाही लावा. नाही आलं, तर ते मत हिशोबात धरू नका.

आणखी दोन गोष्टी, आपल्याकडे त्या हमखास होतात म्हणून. गादीवर सगळे पुरुष, ते हिचं ऐकतील का, असं कोणीतरी म्हणेलच. चार वर्षं फोनवर तेच तर ऐकत आले आहेत. आणि लग्नाचं काय ठरलंय हा प्रश्न मुलाखतीत कोणाच्याही तोंडून येता कामा नये. पुण्याच्या मुलाला तो विचारला गेला नाही, याची मला खात्री आहे.

त्या मुलावरही उगाच संशय घेऊ नका. त्याला जळगावला का यायचं आहे हे मोकळेपणाने विचारा. आई-वडील इकडे असतील, शहराला कंटाळला असेल, किंवा लहान जागी मोठं काम करायची हौस असेल, ही सगळी कारणं धड आहेत. ‘सध्या घरून करतो, मग बघू’ हे पहिल्या वर्षात चालणार नाही. हे काम गादीवर बसून शिकायचं आहे. आणि त्याला बोलवायचं तर डिसेंबरात शेतावरच्या भरीत पार्टीला नको. भरिताच्या पंगतीत कोणालाही खान्देश आवडतो. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना दोन दिवस राहू द्या. अमळनेरला १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली आणि तिचीच पुढे विप्रो झाली, हे आपण आल्यागेल्या पाहुण्याला सांगतो, पण ती सॉफ्टवेअरची विप्रो बंगळुरात झाली हे पुढचं वाक्य गाळतो. माणसं इथे टिकत नाहीत हे काही तुमच्या एकट्याचं रडगाणं नाही. तरीही कारण घेऊन आलेला माणूस टिकतो, नुसत्या पगारासाठी आलेला पुढच्या पगारासाठी जातो.

त्याच्या संमतीने त्याच्या जुन्या सहकाऱ्यांशी बोला, पण साहेबाशी नव्हे, सोबत काम केलेल्या डेव्हलपरशी. ‘पुन्हा याच्यासोबत काम कराल का?’ एवढंच विचारा आणि उत्तर यायला किती वेळ लागतो ते ऐका. पगाराचं म्हणाल, तर बावीस जणांत आकडा आठवड्याभरात सगळ्यांना कळतो. जुन्या डेव्हलपरला तो बाहेरून कळण्याआधी तुम्ही सांगितलेला बरा, आणि त्याचाही पगार त्याच वेळी बघितलेला बरा.

माझा कल विचाराल तर, दोघांची पानं उन्नीस-बीस निघाली तर मी मुलीला घेईन. पण अर्धवट नाही. पद आणि पगार पहिल्या दिवसापासून, ‘आधी सहा महिने करून दाखव’ नको. ते आपण घरच्या माणसालाच सांगतो, बाहेरच्याला ऑफर लेटर देतो. सोबत एखाद्या अनुभवी प्रॉडक्ट मॅनेजरचे महिन्याला चार-सहा तास विकत घ्या, तिला विचारायला कोणी तरी हवं. सपोर्टचं तिचं काम दुसऱ्याला द्या, नाहीतर ती दोन्ही करेल आणि दोन्हीत दमेल. मुलाचं पान स्पष्ट सरस निघालं तर त्याला घ्या, पण जाहीर करण्याआधी तिच्याशी बसून बोला. तिला कुठे कमी गुण पडले ते कागदावर दाखवा. नाहीतर नवा माणूस आल्यावर जिच्याकडून त्याने व्यापारी समजून घ्यायचे तीच तुम्ही आधी गमावलेली असेल.

नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर किंवा धुळ्याकडे जिनिंगमध्ये असंच काही सॉफ्टवेअर चालवणारे कोणी हे वाचत असतील, तर माल बदला, बाकी हेच करा. आधी सोपवायच्या निर्णयांची यादी, मग लिहिलेले प्रश्न, मग बाजारातला एक दिवस.

भागीदारासोबत मात्र आत्ताच ठरवून घ्या की गुणपत्रिका जुळल्या नाहीत तर अखेरचा शब्द कोणाचा. दोन उमेदवारांची पानं समोर पडल्यावर हा वाद काढलात तर तो माणसांवरून होईल.

आणि बाकीचे दहा जण? त्यांना काही कळवलं का, ते पत्रात नाही. बहुधा नसेल. त्यांतल्या काहींनी रात्रीच्या गाडीने येऊन तुमच्या चहाच्या कपांचा हिशोब मांडला होता. निवड झाली नाही, वेळ दिल्याबद्दल आभार, अशा दोन ओळी उद्या सकाळी प्रत्येकाला नावानिशी पाठवा.